बागेचा साहेब कुठे शिकतो?

राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून झाडांचा ट्रक निघाला की पुण्यात पोचायला दोन दिवस तरी जातात. दिवसा शहरात जड वाहनांना बंदी, म्हणून तो साइटवर लागतो मध्यरात्रीनंतर. ताडपत्री सोडली की ओल्या मातीचा आणि घुसमटलेल्या पानांचा वास अंगावर येतो. उतरवायला सहा माणसं, एक बॅटरी, आणि हातात चलन धरून उभा असलेला एक तरुण. चलनात लिहिलेली उंची मातीपासून धरली आहे की पिशवीच्या तळापासून, बुंध्याचा घेर मागितला तेवढा आहे का, मुळांभोवतीचा मातीचा गोळा वाटेत फुटला आहे का, पिशवीतच गोल गोल गुंडाळली गेलेली मुळं असलेलं रोप ठेवायचं की परत पाठवायचं, हे सगळं त्याला तासाभरात ठरवायचं असतं. ड्रायव्हरला परत निघायची घाई असते. सही झाली की झाड त्याचं. सहा महिन्यांनी ते वाळलं, तर पत्र त्याच्याच नावानं येतं.

या तरुणाला कुठे साइट सुपरवायझर म्हणतात, कुठे उद्यान पर्यवेक्षक, कुठे हॉर्टिकल्चरिस्ट, आणि पगार जरा बरा असेल तर लँडस्केप मॅनेजर. वीसेक वर्षं या धंद्यात काढल्यावर मला पडणारा प्रश्न असा: हे काम तो शिकला कुठे? त्याच्या हातात पदवी असते, पण त्या रात्री लागणाऱ्या शिक्षणातलं फार थोडं त्या पदवीत असतं.

महाराष्ट्रात उद्यानविद्येच्या शिक्षणाची वाण नाही. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८चं, अकोल्याचं १९६९चं, परभणी आणि दापोलीची १९७२ची. पुण्याच्या कृषी महाविद्यालयानं तर शंभरी कधीच ओलांडली. बारावी विज्ञाननंतर सीईटी द्यायची आणि चार वर्षांची बी.एस्सी. (ऑनर्स) उद्यानविद्या करायची, हा राजमार्ग. कोकणात दापोलीला आणि सिंधुदुर्गात मुळद्याला त्यासाठी स्वतंत्र महाविद्यालयं आहेत. पुढे एम.एस्सी.ला फुलशेती आणि लँडस्केपिंग हा विषय घेता येतो.

पण या शिक्षणाचा कल कुठे आहे ते उघड आहे. गणेशखिंडीत तयार झालेलं ‘गणेश’ डाळिंब, दापोली विद्यापीठाचे ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ हे आंबे, वेंगुर्ल्याचे काजू ही आपल्या उद्यानविद्येची मिळकत. १९९०मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली आणि कोरडवाहू माळांवर बोर, डाळिंब, आंबा दिसू लागला. तेव्हा राज्याला फळबागेचं शास्त्र जाणणारी माणसं हवी होती आणि विद्यापीठांनी ती दिली. शोभेची झाडं, लॉन, उद्यानरचना यांना अभ्यासक्रमात जागा आहे, पण ती पंगतीतल्या चटणीएवढी. मुलांचा डोळाही तिकडे नसतो. कृषी सेवेची परीक्षा, बँकेतलं कृषी अधिकाऱ्याचं पद, नाहीतर खत-बियाणं कंपनीतली नोकरी हे पहिले तीन पर्याय. लँडस्केपिंगकडे येणारा बहुतेक वेळा चौथ्या पर्यायावर आलेला असतो. ही माझी तक्रार नव्हे, मीही तसाच आलो.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. फुलशेती म्हणजेच बागकाम असं समजून मुलं पॉलिहाउसचं प्रशिक्षण घेतात. पणन मंडळानं तळेगाव दाभाड्याला उभं केलेलं प्रशिक्षण केंद्र हरितगृहातल्या शेतीसाठी उत्तम आहे. पुण्यातच केंद्राचं पुष्पसंशोधन संचालनालय आहे. पण जरबेऱ्याचं पीक काढणं आणि सोसायटीची बाग बारा महिने हिरवी ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात फूल तोडून बाजारात गेलं की हिशेब मिटतो. दुसऱ्यात माल कधीच तयार होत नाही, त्याला रोज सांभाळावं लागतं.

दुसऱ्या टोकाला वास्तुविशारद. बी.आर्क. झाल्यावर दोन वर्षांचं लँडस्केपचं पदव्युत्तर शिक्षण दिल्लीच्या एसपीएत, अहमदाबादच्या सेप्टमध्ये, पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयात मिळतं. ही मंडळी जागा वाचायला शिकतात. उतार, सावली, वाट, बसायची जागा यांचं त्यांचं भान पक्कं असतं. त्यांच्या नकाशात झाड म्हणजे एक वर्तुळ असतं, व्यास चार मीटर. ते चार मीटरचं व्हायला किती वर्षं लागतील आणि तोवर खालच्या उघड्या मातीचं काय करायचं, हे नकाशात येत नाही. १९७२च्या कायद्यानं ‘वास्तुविशारद’ या नावाला तरी संरक्षण आहे. बाग करणाऱ्याला कसलीच नोंदणी नाही. उद्या कुणीही कार्ड छापावं आणि लँडस्केप कन्सल्टंट व्हावं.

तिसरं टोक खुरप्याचं. आयटीआयमध्ये एक वर्षाचा फुलशेती आणि लँडस्केपिंगचा ट्रेड आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं नोकरी करणाऱ्यांसाठी मराठीतून बागकामाचे अभ्यासक्रम चालवले. या विद्यापीठाचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही असं माझं मत, कारण मराठीत नीट लिहिलेली बागकामाची पाठ्यपुस्तकं त्यांनी खेड्यापर्यंत पोचवली. कृषी विद्यापीठांचे माळी प्रशिक्षणाचे वर्ग जुने आहेत. पण तिथून निघालेला माळी पंधरा वर्षांनीही माळीच असतो. फार तर मुकादम. त्याला वर नेणारी परीक्षा नाही आणि पदवीधराला खाली उतरवून माती चिवडायला लावणारा सक्तीचा काळ नाही. व्यवस्थापक घडायचा तो या दोघांच्या मधल्या पायरीवर, आणि ती पायरीच बांधलेली नाही.

त्या पायरीवर काय शिकवायला हवं?

पहिलं पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडे लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर, म्हणून गुंठ्याला रोज पाचशे लिटर. अर्धा एकर लॉन असेल तर रोज दहा हजार लिटर, म्हणजे रोज एक टँकर. हे गणित चौथीच्या मुलाला येईल. तरीही मोठमोठ्या गृहप्रकल्पांत ते कुणी मांडत नाही, आणि मे महिन्यात सोसायटीच्या बैठकीत टँकरचं बिल आणि पिवळं लॉन एकाच दिवशी चर्चेला येतात. व्यवस्थापकानं हे गणित लावणीआधी मांडायचं असतं आणि ‘एवढं लॉन नको’ म्हणायचं असतं. म्हणायला धीर लागतो, कारण विक्रीच्या पत्रकात ते लॉन आधीच हिरवंगार छापलेलं असतं.

दुसरी माती, आणि आता तिच्यात पोडियमचा प्रश्न मिसळला आहे. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडावर दहा टक्के मनोरंजनासाठीची खुली जागा सोडावी लागते. त्याशिवाय शहरात जी बाग होते त्यातली बरीचशी पार्किंगच्या स्लॅबवर, म्हणजेच पोडियमवर. मातीचा हिशेब ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि पावसात भिजली की तिचं वजन पाच टनांच्या घरात. दहा बाय दहाच्या चार फूट खोल वाफ्यात चार ब्रास बसते, म्हणजे वीस टन. स्लॅब तेवढ्यासाठी आखला होता का, हे विचारणं बागवाल्याचं काम आहे. वजन कमी करायला कोकोपीट घातलं की काही वर्षांत ते कुजून माती खाली बसते आणि झाडांच्या मुळ्या उघड्या पडतात. मग वरून आणखी भर.

अशाच एका पोडियमवर मी धडा घेतला. बिल्डरचं नाव कशाला, पण चाफ्याची चाळीसेक झाडं सप्टेंबरमध्ये एकेक करून पिवळी पडू लागली. आमच्याकडचा पदवीधर मुलगा हुशार होता. त्यानं बुरशी ओळखली, तीनदा औषध दिलं, फोटो काढून अहवालही केला. झाडं जातच राहिली. चौथ्या आठवड्यात मुकादमानं पहार मागवली, वाफ्यात तळापर्यंत खुपसली, बाहेर काढली आणि तिचं टोक नाकाशी धरलं. मग ती पहार त्यानं त्या मुलापुढे केली. सडक्या अंड्याचा वास. खाली पाणी तुंबलं होतं आणि मुळं हवेविना मेली होती. बुरशी नंतर आली. निचऱ्याच्या पाइपचं तोंड फरशी बसवणाऱ्यांनी सिमेंटनं बंद केलं होतं. तोंड मोकळं केलं आणि राहिलेली बावीस झाडं वाचली. त्या मुलाला पाणथळ मातीतलं रसायन पुस्तकात शिकवलं होतं, त्याला तो वासही नावानं ठाऊक होता. फक्त पहार कुणी हातात दिली नव्हती. आणि मुकादमाला त्या पाइपबद्दल ठेकेदाराला पत्र कसं लिहायचं, अठरा झाडांचं नुकसान कुणाच्या बिलातून वळतं करायचं हे येत नव्हतं. पत्र शेवटी मी लिहिलं, आणि उत्तर आजतागायत आलेलं नाही.

तिसरा विषय पैशाचा, तो तर कुठेच शिकवत नाहीत. नवखा माणूस एस्टिमेट करतो ते झाडांच्या किमतीवर. पण खड्डा, पोयटा, शेणखत, आधाराचे बांबू, क्रेन, पाणी आणि पुढच्या पावसाळ्यातलं नांगे भरणं, हे सगळं मिळून रोपाच्या किमतीला मागे टाकतं. वर कराची गंमत: रोपाच्या विक्रीवर जीएसटी शून्य, तेच रोप लावून देण्याच्या सेवेवर अठरा टक्के. निविदेत हे दोन्ही कसे मांडायचे यावर नफा-तोटा ठरतो. वीस माणसं कामावर झाली की भविष्य निर्वाह निधीचा हिशेब आला. तणनाशक मारायचं तर २०२२च्या ऑक्टोबरात केंद्रानं ग्लायफोसेटला कीडनियंत्रण व्यावसायिकाची अट घातली, ते माहीत हवं. हे सारं मी ठेकेदारांच्या ऑफिसातल्या अकाउंटंटकडून शिकलो, चहा पीत.

आणि माणसं. लॉनमध्ये लव्हाळा आला की खुरपणीला आठ-दहा बाया बसतात. वरून उपटला तर मातीतल्या गाठी शिल्लक राहतात आणि पंधरा दिवसांत तो परत उभा. खुरप्यानं गाठीसकट काढायला वेळ लागतो, म्हणून रोज किती फूट व्हायला हवं हे ठरवताना व्यवस्थापकाला स्वतः एक दुपार बसून पाहावं लागतं. न बसलेला साहेब दुप्पट काम मागतो, आणि बाया वरून उपटून त्याला दुप्पट काम दाखवतात. दोघेही खूश, लव्हाळाही खूश. एक निरीक्षण जाता जाता: खुरपणी बायांची आणि मुकादमी पुरुषांची, ही वाटणी मी जवळजवळ प्रत्येक साइटवर पाहिली. वास्तुविशारदांच्या बाजूनं या क्षेत्रात मुली मोठ्या संख्येनं आल्या आहेत. खुरप्याच्या बाजूनं वर चढलेल्या बाया मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही भेटल्या नाहीत.

ही मधली पायरी कुठेच बांधली गेली नाही असं नाही, आणि तिची एक वाट मराठी माणसाच्या ओळखीच्या दारातूनच गेली. लंडनच्या क्यू उद्यानात बागकामाचं शिक्षण कामातूनच देतात. तिथला डिप्लोमा तीन वर्षांचा. विद्यार्थी दिवसभर बागेत राबतो, वर्ग त्याच्या जोडीला. ठरावीक दिवसांनी झाडं ओळखायची परीक्षा होते. प्रत्येकाला भाजीचा एक तुकडा नेमून देतात आणि तो कसा राखला याला गुण असतात. त्या क्यूमध्ये काम केलेला गुस्टाव क्रुम्बिगेल हा जर्मन माळी १८९३मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात आला. महाराज बाहेरचा तज्ज्ञ आणत ते नुसती बाग करून घ्यायला नव्हे, माणसं शिकवायलाही, हे त्यांच्या बाकीच्या खात्यांवरूनही दिसतं. १९०८मध्ये क्रुम्बिगेल म्हैसूर दरबाराकडे गेला आणि बंगळूरची लालबाग त्याच्या हाताखाली आली. एका रस्त्यावरच्या झाडांचा मोहर ओसरला की पुढच्या रस्त्यावरचा फुलावा, अशी वर्षभराची बहराची साखळी बंगळूरच्या रस्त्यांवर दिसते, तिचं श्रेय लोक त्याला देतात. महत्त्वाचं असं की त्याच्यानंतर लालबागची सूत्रं एच. सी. जवराया यांच्याकडे आली आणि तेही क्यूला शिकून आलेले होते. लालबागेत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी दहा महिन्यांचं बागकाम प्रशिक्षण कर्नाटक सरकार चालवत आलं आहे. दहा महिने म्हणजे जवळजवळ सगळे ऋतू एकाच बागेत.

आपल्याकडे हे का झालं नाही? जागा नव्हत्या असं म्हणता येणार नाही. पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था १८३०ची, तिच्याकडे पुण्याचं एकोणचाळीस एकरांचं एम्प्रेस गार्डन आहे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ची. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलेलं पु. ल. देशपांडे उद्यान आहे, जिथे छाटणी हीच रचना असल्यामुळे शिकायला त्याहून चांगली शाळा नाही. पण बाग चालवणारं खातं वेगळं, शिकवणारं विद्यापीठ वेगळं, आणि दोघांचे मंत्रीही वेगळे. विद्यार्थी बागेत येतो तो सहलीला.

मला वाटतं खरी अडचण काळाची आहे. आपली सेमिस्टर सहा महिन्यांची. अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी गावात राहून अनुभव घेण्याची आणि प्रत्यक्ष उत्पादनाची तरतूद आहे, ती चांगलीच आहे, पण तीही तुकड्यातुकड्यांत. जुलैत लावलेलं झाड मेमध्ये पाहिलं नाही तर लावणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. सप्तपर्णी ओळीनं लावणाऱ्यानं ऑक्टोबरातल्या रात्री त्याच रस्त्यावर राहून पाहावं, मग डोकं धरून तक्रार करणारे रहिवासी खोटे वाटत नाहीत. दुभाजकांवर भराभर वाढतो म्हणून कोनोकार्पस लावत सुटलो, आणि २०२३मध्ये गुजरातनं त्यावर बंदी घातली तेव्हा आपणही खडबडून जागे झालो. एका जागी सलग बारा महिने, हीच या शिक्षणाची किमान मुदत असायला हवी. बाकी सगळं त्याभोवती बसवता येतं.

सरकारी नोकरीच्या वाटेबद्दल थोडक्यात. महापालिकांत उद्यान अधीक्षक, सहायक अधीक्षक, पर्यवेक्षक अशी उतरंड असते. केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याला उद्यानाची स्वतंत्र शाखा आहे, सेक्शन ऑफिसरपासून संचालकापर्यंत. पुरातत्त्व खात्याचीही आहे, तिचं मुख्य ठाणं आग्र्याला. जागा थोड्या निघतात. निघाल्यावर येणारं काम मात्र बागेपेक्षा झाडांच्या भांडणांचं. १९७५च्या झाडं जतन कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला जाळणं आणि इजा करणंही येतं. पावसाळ्याआधीच्या छाटणीत कोणती फांदी धोक्याची आणि कोणती कुणाच्या खिडकीसमोरची, हे ठरवणारा माणूस वृक्षतज्ज्ञच हवा. आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेची प्रमाणित आर्बोरिस्टची परीक्षा आहे, तिला बसायलाच तीन वर्षांचा कामाचा अनुभव किंवा शिक्षण-अनुभवाची जोड लागते. आपल्याकडे अशी माणसं फार थोडी. बारावीनंतर या क्षेत्राकडे बघणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हीच दिशा दाखवीन. शहरातली झाडं म्हातारी होत चालली आहेत आणि त्यांच्या फांद्यांखाली गाड्या उभ्या आहेत.

बाकी पर्यायांत हॉटेलं, रिसॉर्ट, मोठे कारखाने आणि गोल्फ कोर्स येतात. गोल्फचं गवत हा वेगळाच देव आहे, त्याची सेवा करायला वेगळा पुजारी लागतो. नर्सरीचा धंदा सगळ्यात स्वतंत्र, पण भांडवल आणि पुणे-सोलापूर रस्त्याला लागून जागा असेल तर.

मुलाला किंवा मुलीला या वाटेनं पाठवायचं ठरत असेल तर माझं म्हणणं इतकंच: पदवी घ्या, कारण निविदेत आणि भरतीत ती विचारतात. पण पहिल्या नोकरीत पगारापेक्षा एक अट घाला, एकच साइट आणि पूर्ण एक वर्ष. त्या वर्षात मुकादमाच्या हाताखाली राहा आणि त्याला अहोजाहो करा. रोजची वही ठेवा: पाणी किती, माणसं किती, कोणतं झाड कधी पान टाकतं. मराठीत लिहा, म्हणजे मुकादमही वाचून चुका सांगेल. एस्टिमेट साहेबांकडून मागून घरी परत मांडा आणि शेवटच्या बिलाशी ताडून बघा.

आणि नोकरी शोधायची कुठे, असं विचारतात. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस भरतं. फुलांपुढची गर्दी टाळून नर्सरीवाल्यांच्या आणि ठेकेदारांच्या गाळ्यांच्या मागच्या बाजूला जा, जिथे कुंड्या उतरवत असतात. सकाळी आठच्या आत गेलात तर उतरवायला हात लावा आणि मग विचारा. सुपरवायझर त्यांना हवाच असतो.